खोट आणि सोंग

शशिकांत मिरीकरांची पारख म्हणजे काय विचारता! नाणं चिमटीत धरायचं, कडेवरून नख फिरवायचं आणि "हं" म्हणायचं, बस्स. त्या एका हुंकारावर दिल्लीच्या करोल बागेतले मुरलेले व्यापारी सौदा करायचे नाहीतर मोडायचे. केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं त्यांनी इमानेइतबारे फायली पुढे सरकवल्या, त्याची आता कुणाला आठवणही नाही. पण टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांचा जाणकार म्हणून माणसं अजून त्यांचं नोएडाचं घर शोधत यायची.

चुकलेलं नाणं म्हणजे असं, की ठसा मारताना चकती सरकली आणि अर्धं नाणं कोरंच राहिलं. किंवा दोन रुपयांचा ठसा चुकून एक रुपयाच्या चकतीवर बसला. लाखांत एखादं असं तपासणीतून निसटतं आणि बाजारात येतं. त्याला भाव मिळतो म्हटल्यावर लबाडांना काय, ऊतच! घरी कानशीने कड घासायची, हातोडीने उलटा ठसा उमटवायचा आणि भोळ्या माणसाच्या गळ्यात मारायचं. शशिकांत दोन्ही जमवायचे. टांकसाळीत खरोखर चुकलेली एका डब्यात आणि लबाडीची दुसऱ्यात, नवख्यांना फरक दाखवायला. पहिल्या डब्यावर त्यांनी लिहिलं होतं 'खोट' आणि दुसऱ्यावर 'सोंग'. खोट म्हणजे जन्मजात व्यंग, सोंग म्हणजे मुद्दाम घेतलेलं. याहून नेमकं काय लिहायचं माणसाने?

पहिल्या डब्यात बासष्ट नाणी होती. ती जमवायला एकतीस वर्षं लागली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना शशिकांत डीटीसीच्या बसकंडक्टरांना नोटा देऊन सुट्ट्यांच्या पिशव्या घरी आणायचे आणि रविवारी दुपारी फरशीवर ओतून बसायचे. त्यांच्या पत्नी उल्काताई होत्या तोवर म्हणायच्या, "लोकांचे नवरे चुका झाकतात, आमचे शोधत बसतात." प्रत्येक नाण्याला एक खाकी पाकीट. त्यावर बारीक अक्षरात कुठे मिळालं, कधी, वजन किती आणि चूक कशी घडली असेल.

यंदा मार्चमध्ये करोल बागेतल्या दिलीप छाबडांचा फोन आला. हे छाबडा नाण्यांचे जुने व्यापारी. म्हणाले, "अंकलजी, अब आपके कलेक्शन की किताब निकालते हैं. फोटो, वजन, सब कुछ. ऊपर आपका नाम." आणि जाता जाता ऐकवलं, की त्यातलं दोन रुपयांचं एक नाणंच कुणीही अडीच लाखाला उचलेल, सगळा डबा अकरा लाखांच्या घरात. शशिकांतांना विकायचं नव्हतंच. पण पुस्तक! त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला दुसरं काय हवं असतं? आपण इथे होतो, आपण काहीतरी नीट केलं, याचा एक छापील कागद मागे राहावा. घरात त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पुस्तक हातात आलं की मुलासमोर ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं.

मुलगा अनुराग. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, नोकरी मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यात. पोरगं गुणी, पण दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. नोव्हेंबरात शशिकांतांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हा तो नेमाने थेंब घालायचा. डोळ्यांत थेंब घालायचा, पण डोळ्यांत बघायचा नाही. शशिकांतांना वाटलं, ऑफिसचं टेन्शन असेल.

छाबडा फोटोवाल्याला घेऊन रविवारी अकराला येणार होते. डोळ्यांच्या भानगडीत चार महिने कपाट उघडलंच नव्हतं. सकाळी साडेनऊला शशिकांतांनी किल्ली फिरवली. वरच्या खणात 'सोंग'चा डबा जागच्या जागी होता. 'खोट'चा नव्हता. त्यांनी खालचे खण उपसले, जुने कपडे बाहेर काढले, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अनुराग! माझा डबा कुठाय?"

अनुराग हॉलमधून आला. त्याने आधी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"हळू बोला, बाबा. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! डबा कुठाय?"

"नाहीये आता. मी टाकून दिला."

"टाकून? कुठे?"

"यमुनेत. कालिंदी कुंजच्या पुलावरून. त्या जाळीला लोकांनी भोकं पाडलीत ना, तिथून मूठ मूठ टाकली. दिवाळीनंतर लगेच." आणि मान खाली घालून तो पुढे म्हणाला, "पाकिटं आधीच जाळली. त्यांच्यावर तुमचं अक्षर होतं."

शशिकांत पलंगाच्या कडेला बसले.

"पण का रे? तुझं काय बिघडवलं होतं त्यांनी?"

"मी ऐकलं होतं सगळं. दिवाळीच्या आधी तुम्ही त्या छाबडाला फोनवर सांगत होतात, 'सब खोट वाले हैं, पूरे बासठ.' मी कपाट उघडून बघितलं, तर डब्यावर पण तेच. खोटे सिक्के, बाबा! बिल्कुल तुमच्या अक्षरात. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये सगळे बोलत होते, की नकली नाण्यांची गँग पकडली. मला घामच फुटला यार."

"आणि हा दुसरा डबा? हा का ठेवलास?"

"त्याच्यावर सोंग लिहिलंय ना? मला वाटलं इंग्लिशमधलं साँग. गाण्याबिण्याची मेडल्स असतील म्हणून न उघडताच ठेवली."

दारात अनुरागची बायको रुचिता पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. ती पुण्याची. तिच्या हातातली बशी कलली.

"अरे देवा! अनुराग, खोट म्हणजे खोटं नव्हे रे! खोट म्हणजे डिफेक्ट. ती सगळी खरी होती. नकली ती ही, सोंगवाली. सोंग म्हणजे नाटक, ढोंग!"

अनुरागने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या उरलेल्या डब्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

शशिकांतांच्या अंगाचा तिळपापड झाला. "चाळिशीला आलास! बापाला एक शब्द विचारता आला नाही? पिशवी भरभरून मी ती नाणी वेचली, तू मांडीवर बसून बघितलंस, आणि..." बोलता बोलता ते थबकले. आत्ता कुठे त्यांच्या लक्षात आलं. नाण्यांपेक्षा मोठं काहीतरी समोर उभं होतं.

"म्हणजे चार महिने तू मला चोर समजत होतास?"

अनुरागने नजर फरशीकडे वळवली.

"बोल ना! समजत होतास?"

"हो."

एवढासा शब्द, पण शशिकांतांना तो काळजात घुसल्यासारखा लागला. आयुष्यात त्यांनी कुणाचा एक पैसाही खाल्ला नव्हता. ऑफिसात कंत्राटदारांनी आणलेले मिठाईचे डबेसुद्धा परत पाठवले होते. आणि पोटच्या पोराने ही किंमत केली? आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला!

"मग विचारलं का नाहीस?"

"कसं विचारणार? विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर? मग मी काय करायचं होतं?" अनुरागचा आवाज फुटला. त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि पलंगावर ठेवला. शशिकांतांनी उलगडला. लोखंडी कपाटाचं बिल होतं ते, अनुरागच्या नावावरचं.

"पोलीस आले असते ना, तर मी सांगणार होतो, कपाट माझं आहे. आतलं सामानही माझं. तुम्हाला या वयात... म्हणून हे सारखं जवळ ठेवायचो."

शशिकांतांचा राग कुठल्या कुठे गेला. पोराने आपल्याला चोर मानलं, याचं दुःख होतंच, ते काही कमी झालं नाही. पण चोर मानूनही पोरगं बापाच्या जागी तुरुंगात जायला निघालं होतं, रोज मानेसरला जाता-येता ते बिल खिशात घेऊन. त्यांनी अनुरागचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग अनुरागने विचारलं, ज्याची भीती होती तेच.

"बाबा, किमतीला केवढी होती ती? खरं सांगा."

किमतीच्या बाबतीत शशिकांतांनी आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. सख्ख्या मेव्हण्याने हौसेने आणलेल्या नाण्याला त्यांनी भर पंगतीत "हे सोंग आहे" म्हणून सांगितलं होतं. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता, तरी त्यांनी शब्द फिरवला नाही. नाण्याशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा एकुलता एक धर्म. पण आता समोर पोराचा चेहरा होता. अकरा लाख म्हटलं असतं, तर तो आकडा या पोराने मरेपर्यंत उराशी बाळगला असता. यमुनेवरून जाताना दर वेळी त्याने मान फिरवली असती.

त्यांनी नेहमीसारखं "हं" केलं.

"सगळी मिळून ना? असतील चारेक हजारांची. फार तर पाच."

"खरंच?"

"अरे, नाण्यांतलं माझ्याहून जास्त कुणाला कळतं?"

रुचिताने मान वर करून सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली.

एवढ्यात फोन वाजला. छाबडा सोसायटीच्या गेटवर येऊन पोचले होते. शशिकांत फोन घेऊन खिडकीशी गेले. "छाबडाजी, आज लौट जाइए," ते हळूच म्हणाले. "नहीं, तबियत ठीक है. किताब का खयाल छोड़ दीजिए. हाँ, हमेशा के लिए." पलीकडून छाबडा काहीबाही विचारत राहिले, तेवढ्यात यांनी फोन ठेवून दिला.

"कोण होतं, बाबा?"

"कुणी नाही. एक ओळखीचे."

अनुरागने बाहीने डोळे पुसले. चार महिन्यांनी त्याने बापाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, आणि सुटल्यासारखा हसलाही. छातीवरचा धोंडा उतरला होता बिचाऱ्याच्या.

"मी नवीन आणून देईन, बाबा. पाच हजार काय, त्याहून जास्तीची आणू. पण एक सांगा, एवढ्याशासाठी तुम्ही तीस वर्षं फरशीवर बसून डोळे फोडलेत? काय मिळालं हो त्याच्यातून?"

"काही नाही रे," शशिकांत म्हणाले. "मला दुसरं काही येतच नव्हतं."