बेअरिंगचा भाव आणि बाजारभाव

"अण्णा, आपल्या कंपनीचा शेअर वर गेला!" हिशेबनीस बाई स्टोअरच्या दारातूनच ओरडल्या.

पंपांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळणारे अण्णा खोक्यावर चिठ्ठी डकवत होते. "का? पंप जास्त खपले?"

"छे हो! स्टोअर, हिशेब, विक्री अशी सगळी खाती जोडणारं सॉफ्टवेअर घेणार म्हणून काल जाहीर केलं ना."

"पण ते अजून आलंय कुठे?"

"बाजाराला तेवढं पुरतं."

बाजारात तुरी, अण्णा पुटपुटले. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आठ महिन्यांनी सॉफ्टवेअर आलं. पहिल्याच आठवड्यात भरल्या रॅकसमोर ते बेअरिंग शून्य दाखवू लागलं. पंपांची जुळणी थांबली, माल अडकला, शेअर घसरला. अण्णांनी मग एकेक नग हाताने मोजून सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा चढवला.

पुढच्या महिन्यात एका गुंतवणूक संस्थेच्या मॅडम कारखाना बघायला आल्या. "काही विचारलं तर 'उत्तम चाललंय' म्हणा, बास," मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं.

मॅडमनी स्टोअरमधल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे एकशे बारा बेअरिंग दाखवाल?"

दोघांनी मोजले. एकशे नऊ. साहेबांचा चेहरा पडला.

अण्णांनी खिशातून पावती काढली. "तीन सकाळी दुरुस्तीला दिले. नोंद करायची राहिली. चूक माझी, सॉफ्टवेअरची नाही."

मॅडमनी पावती वाचून परत दिली. अण्णांना राहवलं नाही. "मॅडम, एक विचारू? हे सॉफ्टवेअर यायच्या आधीच शेअरचा भाव कसा वाढला?"

"आम्हाला लांबून तुमचं स्टोअर दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीने असं काही घेतलं, की वाटतं, आता ही घरात लक्ष घालणार. त्या वाटण्याचा भाव."

"आणि माल अडकल्यावर?"

"वाटलं, झेपत नाही यांना."

"पण लक्ष तर आधीपासून होतं की हो!"

मॅडम हसल्या. "ते कुठल्याच अहवालात नव्हतं."

साहेब घड्याळ बघत चहाचं सुचवू लागले. मॅडमनी मात्र वरच्या फळीकडे मान उंचावली. "तिथे काय आहे?"

मॅडमच्या संस्थेने पुढे शेअर घेतले की विकले, अण्णांना कधीच कळलं नाही. तेव्हा मात्र अण्णांनी शिडी लावली आणि ते चढू लागले. खाली मॅडमनी वही काखेत मारली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.