नंदाबाईंचे अंजीर आणि माझी गेलेली धार

मी एक जुनी कात्री आहे. कागद कापणारी नव्हे, मित्रांनो, झाडांच्या फांद्या छाटणारी. बागेत माळीकाम करणाऱ्या धोंडिबांनी मला विकत घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून तीस वर्षे कलमे केली. खाली तिरका काप, वर सरळ काप, म्हणजे रोवताना उलटसुलट होत नाही. संध्याकाळी ते मला पुसून तेलाचा हात देत. लोक म्हणत, "धोंडिबांच्या हाताला गुण आहे." त्यातला निम्मा गुण माझा होता, पण कात्रीला कोण विचारतो!

माझे सगळ्यात आवडते काम म्हणजे नंदाबाईंचे अंजीर. नंदाबाई या धोंडिबांच्या पत्नी. त्यांच्या सासवडच्या माहेरच्या झाडाची फांदी मीच कापली होती. ती ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी एसटीने विश्रांतवाडीला आणली आणि राहत्या इमारतीच्या मागे लावली. पुढे माहेरचे झाड वठले. उरले ते एवढेच.

धोंडिबा निवृत्त झाले आणि मी गॅलरीतल्या डब्यात जाऊन पडले. त्यांचा मुलगा रोहन मला घेऊन केबलची तार कापायचा. पात्याला खाचा पडल्या, गंज चढला. फार वाईट वाटायचे.

यंदा जानेवारीत इमारत पाडायचे ठरले. झाडही जाणार होते. धोंडिबांनी मला डब्यातून काढले आणि धार न लावता तसेच चालवले. मी फांद्या कापल्या नाहीत, चेचल्या. दहा तुकड्यांची टोके मुळे फुटायच्या पावडरीत भरपूर घोळवून त्यांनी कुंड्यांत रोवली. तीन आठवड्यांत दहाही बुडाशी काळे पडून कुजले.

"पावडर जुनी असणार," धोंडिबा म्हणाले.

"वा! पावडरीला दोष द्या," नंदाबाईंनी मला उचलले. "अहो, तुम्ही रिटायर झालात, हिला कशाला केलंत? बघा जरा हिची दशा."

धोंडिबांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग दगड घेऊन बसले. मला धार लावली, स्पिरिटने पुसले. तेवढ्यात खाली करवत सुरू झाली.

दोघे जिना उतरेपर्यंत झाड आडवे झाले होते. "दोन मिनिटं थांबा हो, भाऊ!" नंदाबाई कामगारांना म्हणाल्या. पडलेल्या फांदीचे मी सहा तुकडे केले, खाली तिरके, वर सरळ. या वेळी धोंडिबांनी टोके पावडरीला नुसती टेकवली आणि जास्तीची पावडर झटकून टाकली.

भाड्याच्या घराच्या खिडकीत पाच तुकडे वाळले. सहाव्याला चाळिसाव्या दिवशी पान आले. मुळे बघायला धोंडिबा तो उपटणार, तोच नंदाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

मित्रांनो, पावडर मुळे फुटायला मदत करते, पण चेचलेली जखम ती भरून काढत नाही. म्हणून कामाची वस्तू काम संपल्यावरही पुसून ठेवा. नंदाबाई आता आधी मला तेलाचे बोट लावतात, मग कुंडीला पाणी घालतात. त्या रोपाच्याही फांद्या कधीतरी कापाव्या लागतील, आणि त्या दिवशी मला चेचायचे नाही.