तळघरातला रडणारा हात

तळघराच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात वाटी. खाली भिंतीवर एका लहान मुलीच्या पंजाचा ठसा होता आणि त्याच्या बोटांमधून पाणी झिरपत होतं.

"रडतंय लेकरू," मौनीबाबा म्हणाले. "चाखून बघा. खारट लागतं की नाही? अश्रूंशिवाय खारट काय असतं या जगात?"

मीठ असतं, मी मनात म्हटलं. शाळेत विज्ञान शिकवते मी, पण इतकं तर पहिलीतलं पोरही सांगेल. त्यांना मौनीबाबा हे नाव कुणी दिलं देव जाणे, तोंड मिटलेलं कधी दिसलं नाही. पाण्याला मधूनच फेस यायचा. तो पुण्याईचा, असं ते सांगत. लोक तोही बाटलीत भरत.

ठसा माझ्या भाचीचा, दादाच्या थोरलीचा होता. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. त्याच्या आधी दादानं मुलींच्या खेळण्यासाठी तळघर रंगवायला काढलं होतं. भिंतीला ओल होती. वॉटरप्रूफ रंग लावला की झालं, असं म्हणून त्यानं भिंत वाळायचीही वाट पाहिली नाही. थोरली लोणी-पाव खात मदतीला उभी. तिनं लोण्याचा हात भिंतीवर उमटवला आणि खिदळली. दादाही हसला आणि त्यावरूनच ब्रश फिरवला.

लोण्यावर रंग कसा धरणार? ती गेल्यावर काही महिन्यांनी तेवढ्याच जागेचा पापुद्रा सुटला आणि पंजा उघडा पडला. वहिनीनं तो पाहिला आणि त्यावर हात ठेवून तिथेच बसली. बातमी गावभर झाली, तसे बाबा आले.

त्यांनी विधी सांगितला. आईनं रोज दुपारी पोरीचे कपडे स्वतःच्या हातानं धुवायचे, मग खाली जाऊन हाक मारायची. वहिनी धुवायची, हाक मारायची आणि पाणी यायचं. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्पही बसले असते. पण बाबा म्हणाले, थोरलीला बहिणीची सोबत हवी. म्हणून वहिनी दमा असलेल्या धाकटीला घेऊन त्या बुरशी धरलेल्या खोलीत झोपू लागली. डॉक्टरांनी बजावलं, पोरीला वर हलवा, नाहीतर हीसुद्धा हाती लागायची नाही.

"वर नेलं तर ताई एकटी पडेल तिची," वहिनी म्हणाली.

दादाला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "तिला तेवढाच आधार आहे गं. मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?"

मी रजा टाकून तिथेच राहिले. धाकटी उशीला टेकून बसली होती, छातीतून शिट्टी वाजत होती.

"आत्या, ताई मधेच सुट्टी का घेते?"

"कधी गं?"

"नळाला पाणी नसलं की. आई कपडे धूत नाही, मग ताई रडत नाही."

बाबांनी त्याचं कारण श्रद्धा कमी पडली असं दिलं होतं. मी घराला वळसा घालून मागे गेले. कपडे धुवायची मोरी बरोबर त्या भिंतीच्या पलीकडे. मोरीची नळी भिंतीलगत तडकलेली, खालची माती चिखल झालेली. नळीच्या पुढच्या तोंडात चिंधी कोंबली होती, म्हणजे मोरीचं पाणी तडीतून भिंतीत मुरायचं आणि रंग सुटलेल्या पंजातून आत निघायचं. बाबांच्या कफनीचं ते जांभळं कापड ओळखायला शिक्षण लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी कपडे पिळून खाली गेली. मी दादाच्या उरलेल्या निळ्या रंगाची बाटली मोरीत ओतली आणि जिन्यावरच्या गर्दीतून तिच्या मागोमाग उतरले.

"ये गं बाळा," वहिनीनं हाक मारली.

थोड्या वेळानं हात रडला. निळा.

"दुःखानं निळी पडली पोर," बाबा क्षणात म्हणाले.

"पप्पांच्या बाटलीतला रंग आहे तो," धाकटी म्हणाली.

मी त्या चिंधीचा फाडून आणलेला तुकडा बाबांच्या कफनीला लावून दाखवला आणि नळीचं सांगितलं: फेस साबणाचा, खारटपणा भिंतीतल्या क्षारांचा. पुढे धरलेल्या वाट्या खाली आल्या. लोक जिना चढून गेले, त्यांच्यात बाबाही होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना नाव शोभलं.

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बोटाला लागलेला निळा रंग बघत होती.

"म्हणजे ती येत नव्हती?"

"नाही, वहिनी."

"तिच्या फ्रॉकचंच पाणी होतं?"

"हो."

"मी तिच्याशी रोज बोलायचे गं," ती म्हणाली. "सगळं सांगायचे."

दादा जिना उतरून आला, तिच्याशेजारी बसला आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा हुंदके देऊन रडला.

मग बाहेरून खणून नळी बदलली, भिंतीला पलीकडून लेप दिला, ती खडखडीत वाळू दिली. दादानं आतून पुन्हा रंग दिला, पंजाएवढी जागा सोडून. धाकटी आता वर झोपते, शिट्टी थांबली आहे. वहिनी कधीतरी खाली जाते आणि त्या पंजावर हात ठेवते. तो कोरडा असतो. तिला ते ठाऊक आहे, तरी जाते.

भिंत रडते असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा. आतून कितीही रंग फासा, पाणी बाहेरूनच अडवावं लागतं. आणि घरात खरंच कुणी रडत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आपण बसलो नाही, की दुसरंच कुणीतरी येऊन बसतं.