मासळीला जेवायला बोलावणारा डबा

मी गोडेतेलाचा रिकामा डबा बोलतोय. होय, हाच, काचेच्या कपाटातला. रिकामा डबा जास्त वाजतो असा टोमणा तुम्ही माणसं एकमेकांना मारता. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण वाजणं हाच माझा धंदा होता.

माझी पहिली नोकरी भिगवणला, हायवेवरच्या एका खानावळीत. माझ्या पोटातल्या तेलात चिलापी मासे तळायचे. तेल संपलं तसं छबूबाईंनी मला उचलून तळ्यावर नेलं. तिथे माझं काम काय, तर त्याच चिलापीला जेवायला बोलवायचं! नशीब असतं एकेकाचं.

छबूबाई इथल्या मत्स्यपालन कंपनीत माशांना खाद्य टाकायच्या. काठावर उभं राहायचं, काठीने मला बडवायचं आणि पाण्याकडे बघायचं. मासळी उसळून वर आली तर खाद्य टाकायचं. नाही आली तर पोतं बांधून माघारी. "आज त्यास्नी भूक न्हाय," एवढंच म्हणायच्या. आठ वर्षांत त्यांच्या तळ्यातली मासळी कधी मरून तरंगली नाही.

कंपनीला मात्र शिकायची भारी हौस. मोठे साहेब, विजयसिंह, शिकायला परदेशी जाऊन आले. बारामतीच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर झालं, जेवण उत्तम होतं म्हणतात. भिंतीवर 'सतत शिकत राहा' असा फलक लागला. तळ्याच्या काठावर जायचं तेवढं राहून गेलं. तिथे चिखल असतो ना.

मग ठरल्या वेळी आपोआप खाद्य टाकणारं यंत्र आलं. ते मोबाइलवर चालवायला सौरभ नावाचे इंजिनिअर आले. चौथ्याच दिवशी आभाळ भरून आलं. छबूबाईंनी सवयीने मला बडवलं. एकही मासा वर आला नाही आणि यंत्र आपलं खाद्य उधळतच होतं.

"सायेब, बंद करा ते. असं आभाळ आलं की पाण्यातली हवा कमी हुती, मासं खात न्हायती. खाद्य तळाला कुजलं तर समदी मरत्याल."

"मावशी, मोबाइलवर सगळं हिरवं दाखवतंय."

"मोबाइल पाण्यात न्हाय ऱ्हात, सायेब."

आणि त्यांनी सरळ बटण बंद केलं. शेजारच्या तळ्यावर यंत्र चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिथून मेलेली चिलापी टोपल्या भरभरून काढावी लागली. आमचं तळं वाचलं.

यातून कंपनी काहीच शिकली नाही असं कोण म्हणेल? समिती नेमली, तीन बैठका झाल्या. मासळी डब्याच्या आवाजाने वाचली, असा निष्कर्ष निघाला. सौरभसाहेबांनी माझा आवाज भोंग्यात भरला आणि भोंगा यंत्राला जोडला. आधी आवाज, लगेच खाद्य. या शोधाला बक्षीस मिळालं. मी ऑफिसातल्या या कपाटात आलो, खाली पाटी लागली, 'आमच्या संशोधनाची सुरुवात'. पुन्हा कुणी मधेच यंत्र बंद करू नये म्हणून बटणाच्या पेटीला कुलूप लागलं. किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात. छबूबाईंनाही बढती मिळाली. उन्हातून सावलीत, चहा करायला.

वाजवून झाल्यावर पाण्याकडे बघायचं असतं, हे कुणाला सुचलंच नाही. मला राग येतो. पत्र्यालाही येतो.

आज पुन्हा आभाळ आलंय. या खिडकीतून तळं दिसतं. भोंग्यातून मीच बोंबलतोय आणि पाणी ढिम्म आहे. खाद्य पडायला लागलंय. आत मोठे साहेब तुम्हा पाहुण्यांना आमचा शोध समजावून सांगताहेत. इतक्यात छबूबाई चहा घेऊन आल्या आणि खिडकीपाशी थबकल्या.

"सायेब, मासा वर आला न्हाय. किल्ली द्या."

"आवाज अगदी वेळेवर झालाय, मावशी. चहा ठेवा."

त्यांनी चहा ठेवला. पण हात पुढेच आहे, रिकामा.

पाहुणे मंडळी, तुम्ही कपाटाचे फोटो काढताय, त्याबद्दल आभारी आहे. मला इथून काढू नका, पाटीही बदलू नका. माझं मेलं काय, मी पत्रा. चहा निवायच्या आत ती किल्ली तेवढी त्या हातावर ठेवा.