डेल्मा आंटी बेटावर जाते

"नाही म्हणजे नाही, डेल्मा," डॉक्टर म्हणाले. "पावसानं विमान अडकलं, तर बेटावर डायलिसिसचं यंत्र नाही. जिवावर बेतेल."

"मग यंत्रालाच पाठवा की तिकडे," आंटी म्हणाली. "त्याला कुठं प्रवास बाधतोय?"

मी हसू दाबलं. डॉक्टर हसले नाहीत.

डेल्मा आंटी माझ्या आईची थोरली बहीण. जन्मभर बेटावरच्या शाळेत मुलांना जेवण रांधून वाढलं. मूत्रपिंडं गेली तेव्हा मुख्य भूमीवरच्या माउंट आयझा शहरात आली. लाल खडक, खाणीचं धुराडं आणि एक दिवसाआड यंत्र. "इथल्या पाण्याला भरती नाही की ओहोटी नाही," ती कुरकुरायची. "नळ सोडला की येतं. हे काय पाणी झालं?"

आता तिचा धाकटा भाऊ गेला होता. गेलेल्याचं नाव आम्ही बेटावरची माणसं तोंडी आणत नाही, म्हणून इथंही सांगत नाही. त्यांची आई वारली तेव्हा तो रांगत होता. आंटीनंच त्याला वाढवलं.

डॉक्टरांचा नकार धाब्यावर बसवून ती त्याला माती द्यायला निघाली. सोबतीला मी. छोटंसं विमान वाटेत डूमॅजी गावाला थांबून समुद्रावर आलं. ढगांच्या फटीतून बेट दिसलं. धावपट्टीच्या कडेला आमची माणसंही दिसली. मग पावसाच्या ढगांनी सगळं काळं झालं. वैमानिकानं दोन घिरट्या घातल्या आणि विमान मागे वळवलं.

"आता तरी पटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पटलं. बेट अजून जागेवरच आहे."

त्या संध्याकाळी बेटावरून तिच्या चुलतभावाचा, व्हर्ननचा, फोन आला. तिनं आधीच सांगून टाकलं, "उरकून घ्या रे. माझी वाट बघू नका."

"गप बस. त्याला दवाखान्याच्या शीतघरात ठेवलाय. कडेवर तू घेतलास, मातीत ठेवायलाही तूच ये. सगळं बेट थांबलंय."

फोन ठेवल्यावर आंटी पहिल्यांदा रडली. आणि लगेच मला म्हणाली, "बघतेस काय? पुढच्या विमानात जागा धर."

पुढच्या आठवड्यात आभाळ उघडलं. बेटाच्या विमानतळावर व्हर्नन चाकांची खुर्ची घेऊन उभा होता.

"ने ती परत," आंटी म्हणाली. "वाळूत चाक रुतलं तर तुम्ही ढकलत बसाल. माझा पाय रुतला तर मी उपसून काढीन."

सुजलेल्या पायांनी, अनवाणी, ती कबरीपर्यंत चालत गेली. वाटेत दोनदा थांबली, पण कुणाला हात धरू दिला नाही. पहिली मूठ माती तिची. मग ती आमच्या भाषेत त्याच्याशी बोलत बसली, धडपडलेल्या पोराला रागवावं तशी, आणि सगळे ऊन सोसत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी व्हर्नन म्हणाला, "राहा ना इथंच. कशाला परत त्या सुया?"

"मरायला आले नव्हते मी," आंटी म्हणाली. "पुरायला आले होते. अजून पुष्कळदा यायचंय."

माउंट आयझाला ती थेट रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी स्वतःच तिची खुर्ची मागे सरकवून दिली. नर्सनं तिचे पाय वर घेतले. बोटांच्या बेचक्यांत पांढरी वाळू होती. तिनं ओला बोळा घेतला.

आंटीनं पाय मागे ओढला.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि सुईसाठी दंड पुढे केला.