काख

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलं की डुलकी लागते. एका बापाची गोष्ट सांगतो. देवानं त्याला वाणी दिली, आणि जाता जाता एक शब्द ठेवून बाकीची काढून घेतली.

तारांगणात निवेदन करण्यात त्याचा जन्म गेला. घुमटाखाली त्यानं आवाज लावला की किरकिरी पोरंही गप्प व्हायची. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंडात एवढंच उरलं: "काख."

नर्सनं विचारलं, "काखेत दुखतंय का आजोबा?" थर्मामीटर लावला, दोन्ही बगला चाचपल्या. त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तेच. "काख."

डॉक्टर लेकीला म्हणाले होते, "आता हाताशी फार वेळ नाही. काय हवं-नको ते बघा." तेव्हापासून तिला एकच ध्यास, बाबांना हवंय तरी काय? या तज्ज्ञाकडे जा, दवाखान्याच्या त्या खिडकीशी रांगेत उभी राहा. खोलीत ती टिकेचना.

"अत्तर मागत असतील," धाकटा भाऊ म्हणाला.

"तुला थट्टा सुचतेय?"

"रडू येतंय गं ताई, म्हणून."

दुपारी तारांगणातला यंत्रचालक भेटायला आला. शब्द ऐकला आणि खुर्चीत बसला.

"ताई, तुम्ही त्यांचा खेळ पाहिला नाहीत?"

"लहानपणी एकदा. मी झोपले होते."

"कक्षेपासून सुरुवात करायचे. सांगायचे, संस्कृतात कक्ष म्हणजे काख. त्यावरून कमरेचा पट्टा, पट्ट्यावरून वेढा, आणि तो वेढा म्हणजे ग्रहाची वाट. मग म्हणायचे, चंद्र पळून का जात नाही? पृथ्वीनं काखेला मारलेलं पोर आहे ते. वर पुन्हा, काखेत कळसा अन् गावाला वळसा. पोरं हसून लोळायची."

लेक उठली. पलंगाच्या कडेला आडवी झाली, बापाचा धड हात उचलून त्याखाली डोकं घातलं. हात गार होता. तिनं विचारलं, "हेच ना बाबा?"

त्यानंतर त्याच्या तोंडी तो शब्दही आला नाही. मागितलेलं मिळालं म्हणून थांबला, की तेवढंही विसरला, तिला समजेना. दिवेलागणीला श्वास थांबला, तेव्हा ती तशीच पडून होती.

बाप देवाच्या पदरी गेला, त्याची चिंता नको. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा. ती अजून विचारतेच आहे.