डावरी झारी

साडेअकरा वाजले होते. बारा वाजता संग्रहालयाचे प्रमुख हलुकसाहेब अहवालावर सही घ्यायला येणार होते. सही माझी, मुज्गानची. संध्याकाळी झारी काचेच्या कपाटात चढणार होती: 'अठरावं शतक, इस्तंबूल.' बारा वर्षांच्या नोकरीत मी शोधलेली ही पहिली वस्तू.

बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. निजामेत्तिन उस्ताद, तांबटांच्या गल्लीतले शेवटचे मुलामेवाले. पाऱ्यात सोनं कालवून तांब्यावर चढवायचं, विस्तवावर पारा उडवायचा, मग अकीकाच्या खड्यानं घासून झळाळी आणायची. हे काम ज्यांनी आयुष्यभर केलं, त्यांच्याच तोंडून मला शाबासकी हवी होती.

झारी पाहताच ते हरखले. मानेचा बाक हंसिणीचा, पोटावर कार्नेशनच्या फुलांची वेल, आणि मुलामा असा की जणू सांजेचं ऊन धातूवरच झोपी गेलंय.

"काय पोर जन्माला घातलीय कुणी!" ते पुटपुटले. जणू झारीच्या आईला विचारत होते.

"बाबा, हात नाही लावायचा हं."

"हात लावल्याशिवाय तांबं बोलतं होय गं? तुम्ही शिकलेली माणसं नुसतं बघत बसता, लग्नातल्या पाहुण्यांसारखी."

मी हसत त्यांना हातमोजे दिले. त्यांनी झारी उलटी केली. बुडाला मुलामा नव्हता, उघडं तांबं होतं, आणि त्यात सांधा. दोन पत्र्यांचे दात एकमेकांत अडकवलेले. आमच्याकडे त्याला लांडग्याचा जबडा म्हणतात. बाबांचं बोट दातांवरून फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"काय झालं?"

"काही नाही. चष्मा दे."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवरच आहे, बाबा."

ते खाली बसले. "पोरी, हे दात कुठल्या बाजूला झुकलेत?"

"डावीकडे. मी अहवालात लिहिलंय की ही कारागिराची खास लकब."

"लकब!" त्यांचा आवाज चिरकला. "डावखुरा आहे मी."

मी वाकून ते दात पुन्हा पाहिले.

"तांबं जुनं आहे, बाबा. तपासून घेतलंय."

"जुनंच ते. मोडक्या कढईचं. मी तेव्हा तिशीत होतो. एकानं नमुना आणला, म्हणाला, अशीच हुबेहूब घडव."

"मग बुडाचे तीन ठिपके कुठायत? नक्कल केली की ठिपके मारायचेच, ही शपथ तुम्हीच सांगायचात ना? तुमच्या उस्तादानं कमरेला पंचा बांधून तुम्हाला कारागीर केलं, तेव्हा घेतलेली?"

त्यांनी मान खाली घातली.

"नाही मारले. इतकी देखणी उतरली होती गं. हिच्या अंगावर डाग द्यायचा जीव होईना. एकदाच. फक्त हिच्या वेळी."

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. हलुकसाहेब वेळेआधीच येत होते.

"तू सही कर," बाबा घाईनं म्हणाले. "मी काही पाहिलं नाही. म्हाताऱ्याची नजर, काय भरवसा? ओठ शिवून घेतो मी. तुझं नाव जाईल गं, बारा वर्षं जातील."

"आणि कपाटासमोर उभं राहणाऱ्या माणसांना काय सांगू?"

त्यांनी झारी हळूच सुलटी करून टेबलावर ठेवली. रागावू की हातमोज्यातली ती बोटं हातात घेऊ, मला कळेना. टेबलावर अहवाल पडला होता. मी 'अठरावं शतक' खोडलं. पेन कागदात रुतलं.

दार उघडलं.

"झालं का, मुज्गानबाई? संध्याकाळी पाहुणे येतायत." हलुकसाहेबांनी आधी खोडलेल्या ओळीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे. "आणि हे कोण?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही झारी ज्यांनी घडवली, ते."